लेखन शिकवणाऱ्यासाठी अर्जात एक रकाना हवा

माननीय कला व संस्कृती मंत्री,
गोवा सरकार, पणजी.

महोदय, सप्रेम नमस्कार.

मी डिचोली तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत मराठी शिकवते. सांस्कृतिक आदानप्रदानाच्या योजनेतून निवड झाली आणि एक सत्रभर अमेरिकेतल्या विद्यापीठात सर्जनशील लेखन शिकवून आले. जाण्याआधी प्रवासखर्चाला मदत मिळते का, म्हणून एका कचेरीत गेले होते. अर्जात रकाने होते ते पथकातील कलाकार, वाद्ये आणि वेशभूषा यांचे. कारकुनांनी विचारलं, "बाई, तुमचा आयटम कोणता?" लेखन म्हटल्यावर अर्ज परत आला. त्यांचा दोष नाही, रकानाच नव्हता. पुढे रजाही बिनपगारी झाली.

आपली फुगडी, देखणी, घोडेमोडणी ही लोकनृत्यं परदेशी जायलाच हवीत. पण लेखनही शिकवता येतं, हे मी तिथे रोज पाहिलं. पहिल्या तासाला घरून नेलेली कोकमाची सोलं टेबलावर ठेवली आणि म्हटलं, हुंगा आणि लिहा, विशेषण एकही नको. एका मुलीला त्या वासावरून आजोबांच्या तबेल्यातलं भिजलेलं खोगीर आठवलं. कार्यशाळेत ज्याचं लेखन चर्चेला असतं त्याने गप्प राहून ऐकायचं असतं. कुणीतरी म्हणालं, "खोगीर दिसतं, आजोबा दिसत नाहीत." पुढच्या आठवड्यात तिने आजोबांचे हात लिहून आणले.

परतल्यावर माझ्या आठवीच्या वर्गात तेच केलं. गाईडातला 'पावसाळ्यातील एक दिवस' दरवर्षी जसाच्या तसा उतरवणाऱ्या मुलाने या वेळी वडिलांचा ट्रक लिहिला. २०१८ मध्ये खाणी बंद झाल्या तेव्हापासून तो अंगणात उभा आहे. हौद्यात पाणी साचतं, त्यात बेडूक येतात, आणि बाबा रोज सकाळी काच पुसतात. ती काच वाचून मला पुढे शिकवता आलं नाही.

हे काही परकं खूळ नव्हे. थॉमस स्टीफन्स नावाचा इंग्रज पाद्री १५७९ मध्ये गोव्यात आला. आला धर्मप्रसारासाठी, हे खरंच. पण इथली भाषा शिकून त्याने मराठीत हजारो ओव्या रचल्या आणि १६१६ मध्ये त्या छापल्या गेल्या. अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठात १९३६ पासून लेखनाची कार्यशाळा चालते, १९६७ पासून तिथे देशोदेशीचे लेखक बोलावतात. आपले कवी दिलीप चित्रे तिथे राहून आले. भारत-अमेरिका शैक्षणिक आदानप्रदानाचा करार १९५० चा, आणि २००८ च्या नव्या करारानंतर आपलं केंद्र सरकार त्यात बरोबरीने खर्च उचलतं. मग राज्याने थोडा भार घ्यायला काय हरकत आहे?

मागणं मोठं नाही. मराठी असो वा कोकणी, लेखन शिकवायला निवडून गेलेल्या शिक्षकाची रजा कामावरची धरा. तो परतला की साखळीच्या रवींद्र भवनात शनिवारचा वर्ग त्याच्या हाती द्या. गावोगावी जत्रेसाठी नाटकं लिहिणारी पोरं आहेत, ती येतील. आणि तिकडचा एखादा लेखन-शिक्षक इथेही बोलवा. आदानप्रदान म्हणायचं तर येणंही हवं.

अर्जाचा नवा नमुना तयार होईल तेव्हा मला बोलवा. त्या मुलाची वही घेऊन मी पणजीला येईन.

आपली नम्र,
डिचोलीतील एक मराठी शिक्षिका