‘गोळ्या थांबवा’ एवढं सांगून भागत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या आरोग्य पुरवणीतला बायपोलर (मन कधी टोकाच्या उत्साहात, तर कधी खोल नैराश्यात नेणारा आजार) आणि गरोदरपणावरचा लेख वाचला. हा विषय घेतलात, त्याबद्दल आभार. पण ‘दिवस राहिल्याचे कळताच मानसिक आजाराच्या गोळ्या थांबवाव्यात’ हे वाक्य वाचून मी रात्रभर तळमळत होते. हेच वाक्य सहा वर्षांपूर्वी बायपोलर असलेल्या माझ्या मुलीला एका स्त्रीरोगतज्ज्ञांनी ऐकवलं होतं. तिच्या मानसोपचारतज्ज्ञांना एक फोन करण्याची तसदीही त्यांनी घेतली नाही. आम्हीही ऐकलं. लिथियम, म्हणजे तिचं मन स्थिर ठेवणारं औषध, एका दिवसात बंद.

बाळंतपण सुखरूप झालं. घरी आल्यावर ती बाळाच्या दुधाच्या वेळा वहीत लिहायची. सुरुवातीला दोन-तीन तासांच्या अंतराने नीट नोंदी. तिसऱ्या रात्रीचं पान मात्र असं: २.१०, २.११, २.१२, २.१३... अक्षर मोठं होत होत समासात शिरलेलं. तीन रात्री तिच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता आणि आम्ही कौतुक करत होतो, काय उत्साह आहे पोरीला! पाचव्या दिवशी ती म्हणाली, हे बाळ बदललंय, हे आपलं नाही. तेव्हा कुठे आम्ही धावाधाव केली. सहा आठवडे मायलेकरं एकमेकांपासून लांब राहिली. ती वही अजून माझ्या कपाटात आहे.

तुमचा लेख प्रसूतीपाशीच संपतो. अहो, धोका तिथूनच तर वाढतो! हजारात एक-दोन बाळंतिणींना होणारा सायकोसिस, म्हणजे वास्तवाचं भान सुटणं, बायपोलर असलेल्या बायकांमध्ये साधारण पाचात एकीला गाठतो, तेही बहुधा पहिल्या दोन आठवड्यांत. त्यात आई आणि बाळ दोघांच्याही जिवाला धोका असतो. लक्षण दिसलं त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा असतो. हे आम्हाला कोणी सांगितलं असतं तर ती वही तिसऱ्या रात्रीच कोणाच्या तरी नजरेत आली असती.

आणि सगळी औषधं एकाच माळेत कशी ओवता? व्हॅल्प्रोएट हे बायपोलरवरचं दुसरं औषध गरोदरपणात खरोखरच घातक. सुमारे दहात एका बाळात जन्मजात व्यंग, शिवाय अनेक मुलांच्या वाढीवर आणि शिकण्यावर परिणाम. म्हणून ते बदलायचं तर दिवस राहण्याच्या आधी, डॉक्टरांशी बोलून. लिथियमने बाळाच्या हृदयातले दोष वाढतात, हे खरं. पण पूर्वी वाटायचं त्याहून बरेच कमी. २०१७ च्या एका मोठ्या अभ्यासात हे प्रमाण शंभरात सुमारे एकावरून अडीचपर्यंत गेलेलं दिसलं, आणि डोस कमी तसा धोकाही कमी. उलट २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात औषध बंद केलेल्यांपैकी ८५ टक्के स्त्रियांचा आजार गरोदरपणातच उलटला. चालू ठेवणाऱ्यांत ३७ टक्के. हा हिशेब बाईसमोर मांडायला नको?

दुसऱ्या खेपेला मुलीने आधीच दोन्ही डॉक्टरांना भेटून ठरवलं. लिथियम चालू राहिलं. गरोदरपणात मूत्रपिंडं ते जास्त वेगाने बाहेर टाकतात आणि प्रसूतीनंतर रक्तातली पातळी झपाट्याने चढते, म्हणून वरचेवर रक्ततपासणी झाली. बाळाच्या हृदयाची खास सोनोग्राफी झाली. तिची झोप मोडू नये म्हणून रात्री अकरा ते पाच बाळ जावयांकडे, पावडरच्या दुधावर, आणि ती बंद खोलीत झोपलेली. तिला कोणी ‘अंगावर का पाजत नाहीस’ विचारलं की मीच उत्तर द्यायचे. दोघी ठणठणीत आहेत.

जाता जाता, त्याच अंकात पान पाचवर एका नेत्याच्या कोलांटउडीला ‘बायपोलर राजकारण’ म्हटलंय. मुलीने ते वाचलं आणि पेपर घडी करून ठेवला. काही बोलली नाही. हा शब्द असा वापरणं कृपया थांबवा.

आणि पुढच्या पुरवणीत, त्याच जागी, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत छापा: आपल्या मनाने गोळ्या बंद करू नका, आधी मानसोपचारतज्ज्ञांना विचारा. कालचा लेख वाचून कोणीतरी आज सकाळची गोळी घेतली नसेल.

मुलीला विचारूनच हे लिहिलं आहे. नाव छापू नये, ही विनंती.

आपली,
एक वाचक