ऊसतोडीच्या बायांच्या खाण्यापिण्याकडं कोण बघणार?

संपादक साहेब, नमस्कार,

दिवाळी आली की आमच्या बीड भागातनं ट्रॅक्टर भरभरून माणसं ऊस तोडायला साखर कारखान्याकडं निघतात, माझी आई पण वीस वर्षं जायची. पहाटेच कोपीत, म्हणजे झोपडीत, चूल पेटवून भाकरी-ठेचा फडक्यात बांधला की डायरेक्ट उसाचा फड, मग दिवसभर कोयता आणि वर मोळी डोक्यावर घेऊन फळीवरनं ट्रकमध्ये चढायचं, पाळी असो नाहीतर पोटुशी असो. एवढ्या कष्टाला डाळ, अंडं, दूध काहीच नाही. संडास नाही म्हणून आई पाणीच कमी प्यायची, लघवीला जळजळायचं तरी सांगायची नाही, कारण खाडा केला की पैसे कापणार.

२०१९ मध्ये सरकारी समितीच्या पाहणीत आमच्या जिल्ह्यातल्या १३ हजारांहून जास्त ऊसतोड बायांची गर्भपिशवी काढलेली निघाली. माझ्या आईची पस्तिशीतच काढली, अजून कंबर धरून उठते ती.

निघायच्या आधी हिमोग्लोबिन तपासा, लोहाच्या गोळ्या सोबत द्या, अंगणवाडीचा आहार फडावर पोचवा. आणि बायांनो, गूळ-शेंगदाणे जवळ ठेवा, भाकरीसोबत लिंबू खा, पण जेवणावर लगेच चहा नको, त्यानं लोह अंगी कमी लागतं.

एक वाचक, बीड जिल्हा