मोरीच्या वहीसाठी आवाहन

सप्रेम नमस्कार.

1 ऑगस्टला पावसाळी मासेमारीबंदी उठेल, होड्या दर्यात जातील आणि आपल्या बंदरावर येणाऱ्या मोरीची, म्हणजे छोट्या शार्कची, वजनं-मापं टिपायच्या वहीचं तिसरं वर्ष सुरू होईल. व्हायला हवं, पण तिजोरीत दोन महिन्यांपुरतेही पैसे नाहीत. म्हणून हे घाईत लिहितोय.

आधी ज्यांनी केलं त्यांचं. पहिल्या वर्षी बर्फवाल्या काकांनी ताणकाटा दिला, वर ‘मोडला तर सांगा’ म्हणाले. मोडला, सांगितलं, दुसरा दिला. मापाच्या फळ्या आपल्या दिवंगत अध्यक्षांनी सुताराकडे स्वतः बसून करून घेतल्या. खाऱ्या पाण्यात दोन वर्षं काढूनही आकडे पुसलेले नाहीत. आणि लिलावाच्या बाया! माप होईपर्यंत टोपली अडवून धरतात, गिऱ्हाईक कुरकुरलं तर त्यालाच झापतात. हे ऋण पैशात मोजता येत नाही.

मोरी आपल्या ताटातली, पण तिच्याविषयी ठाऊक किती? मुंबई-रायगडकडे हिलाच मुशी म्हणतात, शास्त्रात स्कोलिओडॉन लॅटिकॉडस. फावड्याच्या पात्यासारखं चपटं तोंड, पाठीवरचा पर बराच मागे. वाढून वाढून जेमतेम अडीच फूट. राहते किनाऱ्यालगत, खाडीच्या तोंडाशी, म्हणजे आपल्याच जाळ्यांच्या वाटेत. बाळंतिणीला दूध यावं म्हणून आपण मोरी खाऊ घालतो. तिचं स्वतःचं बाळंतपण बघा. अंडं 1 मिलिमीटरचं, बलक जवळजवळ नाहीच. पिल्लं नाळेतून आईवरच पोसतात आणि 12 ते 15 सेंटिमीटरची होऊन जन्मतात. मार्चमध्ये एक मादी चिरली तेव्हा पिल्लं नाळेसकट फळीवर आली. मोजणारी पोर पेन्सिल खाली ठेवून बघतच राहिली. मग एकेक मोजलं.

‘मोरी कधी संपते काय?’ असं विचारणाऱ्यांना सांगतो, आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संघटनेच्या यादीत ती ‘संकटसमीप’ आहे. शिवाय त्याच ढिगात कानमुशीची, म्हणजे हातोड्यासारख्या डोक्याच्या मोठ्या शार्कची, पिल्लंही येतात. दोन फुटांची ही मोरी कधीचीच आई झालेली, तेवढीच कानमुशी मात्र तान्ही. लिलावात दोन्ही ‘मोरी’च. वहीत मात्र त्या वेगळ्या होतात.

गेल्या वर्षीच्या आवाहनाला चौघांनी उत्तर दिलं. वार्षिक सभेत मोरीच्या मटणाला मात्र पंगती पुरल्या नाहीत. राग नाही, आठवण राहिली एवढंच.

हवं ते: दोन मुलींचं आठ महिन्यांचं मानधन 48 हजार, काटा, बर्फाच्या दोन पेट्या, वह्या मिळून 16 हजार, एकूण 64 हजार. रोख वा चेक कार्यालयात संध्याकाळी 5 ते 7 (मंगळवार बंद), 25 जुलैपर्यंत, पावती लगेच. खाते क्रमांक फलकावर आहे. पैसे नसतील त्यांनी आठवड्यातून एक पहाट द्यावी, फळी धरायला माणूस लागतो. चाकरमान्यांनी कृपया गणपतीपर्यंत थांबू नये.

आपला,
सचिव