पावसाच्या आत खाली उतर

माऊ,

रात्री फोन मी ठेवला नाही, कट झाला. पण तू परत लावला नाहीस आणि मी पण नाही. आई म्हणाली एवढं ओरडायची काय गरज होती. नव्हती. म्हणून हे लिहितोय, पहाटेचे साडेपाच झालेत, दूधवाला अजून यायचाय.

तू उत्तराखंडात अल्मोड्याला मैत्रिणीकडं अजून पंधरा दिवस राहते म्हणालीस, राहा की, मला राहण्याचं काही नाही. तुझ्या मैत्रिणीच्या आईनं फोनवर तुला 'हमारी बेटी' म्हटलं ते तुझ्या आईनं काल तीन घरी सांगितलं. नौल्यावरून, त्या झऱ्याच्या दगडी कुंडावरून, पाणी आणतेस, त्या दगडी फरशीच्या बाजारातून त्यांचा भाजीपाला आणतेस, काफळं, ती जंगलातली लाल फळं, तोडून हात लाल झालेला तो फोटो मी बेबीआत्याला पण पाठवला. इथं घरात कधी तांब्या उचलला नाहीस, तिकडं जाऊन कामाला लागलीस, बरं वाटलं बघून.

मला राग आला तो जुलैचा. जूनच्या शेवटाला पाऊस तिकडं पोचतो आणि तू म्हणतेस 5 तारखेला दुपारनंतर शेअर जीपनं उतरेन, कारण काठगोदामहून राणीखेत एक्सप्रेस रात्रीच आहे. अल्मोडा ते काठगोदाम 80-90 किलोमीटर, सगळा घाट, आणि त्यात ते क्वारब. तिथला डोंगर 2024 पासून सुटलाय, दगडमाती खाली येत राहते, मी सगळे व्हिडिओ बघितलेत. कोरड्यात ती अवस्था तर पावसात काय. आणि वाटेत कैंची धामला ट्रॅफिकमध्ये दोन तास गेले की अंधार तिथंच पडला म्हणून समज.

तू म्हणालीस पप्पा तुम्ही उगाच घाबरता, रोज माणसं जातात. जातात ना. मी पण घाटातनं एसटी घेऊन 31 वर्षं रोज गेलो.

तुझ्याच त्या जिल्ह्यात मार्चुलाला 2024 च्या नोव्हेंबरात बस दरीत गेली, दिवाळी करून परत चाललेली माणसं होती, छत्तीसच्या वर गेली. रात्र नव्हती, पाऊस पण नव्हता, सकाळची वेळ. आत सीटपेक्षा कितीतरी जास्त माणसं भरलेली. वजन वाढलं की वळणावर गाडी बाहेर ओढते आणि ब्रेक मारला तरी लांब जाऊन थांबते. त्यामुळं जीपमध्ये बसायच्या आधी माणसं मोज. सीटपेक्षा एक जरी जास्त असला तरी पुढच्या गाडीनं ये. दुसरं, ज्या गिअरला चढायचं त्याच गिअरला उतरायचं, हे ज्याला कळत नाही तो नुसता ब्रेकवर पाय ठेवून उतरतो आणि मग लायनर तापून जळका वास सुटतो. तो वास आला की लाजू नको, गाडी थांबवायला सांग आणि उतर.

बघ, ओरडणार नाही म्हणून लिहायला बसलो आणि क्लासच घेतला. सॉरी. तू लहान नाहीस.

पण एक तुला कधी सांगितलं नाही. 2005 च्या जुलैत ते महाडला डोंगर कोसळले, त्याच पावसात मी महाडची मुक्कामी गाडी घेऊन आंबेनळी घाटात होतो. संध्याकाळ झालेली, पुढं झाड आडवं आणि मागं दरड. मोठा दगड यायच्या आधी बारीक खडी पत्र्यावर पडते, टक टक, तो आवाज आम्ही रात्रभर ऐकला. आत 40 माणसं, एक बाळंतीण होती माहेराहून परत चाललेली, तिचं पोरगं रडलं की मला तू आठवायचीस, तू तेव्हा दहा महिन्यांची. हेडलाईट बंद ठेवले, बॅटरी उतरू नये म्हणून, आणि अंधारात दर अर्ध्या तासानं कंडक्टर सीटवर हात लावून माणसं मोजायचा. सकाळी चालत सगळ्यांना वर आणलं, सगळे आले. घरी पोचायला मला दोन दिवस लागले आणि ते दोन दिवस तुझी आई तुला कडेवर घेऊन डेपोत बसून होती. ती ह्यावर कधी बोलत नाही. रात्री तू जुलै म्हणालीस तेव्हा ती उठून आत गेली, फोन स्पीकरवर होता ना.

तुला थांबायचंय ते शिखरांसाठी, हे कळतंय मला. जंगलातल्या वणव्यांच्या धुरात महिनाभर काही दिसलं नाही, पाऊस पडला की हवा धुऊन निघते आणि कसारदेवीवरून नंदादेवी, त्रिशूळ दिसतात, तुझ्या मैत्रिणीचे वडील म्हणाले ते खरंच असणार, ते तिथलेच आहेत. पण ज्या पावसानं नंदादेवी दिसणार त्याच पावसानं क्वारब खाली येणार, माऊ. ऑक्टोबरात परत जा, तेव्हा आकाश स्वच्छ असतं. तिकिटाचे पैसे मी देतो. पाहिजे तर आम्ही दोघं पण येतो, आता रिटायर झालोय, मला ड्रायव्हरच्या शेजारी बसून तो रस्ता बघायचाच आहे.

तुला पाचवीपर्यंत पसरणी घाटाची सगळी वळणं पाठ होती, केबिनमध्ये बसून मोठ्यानं मोजायचीस, पॅसेंजर हसायचे. आता एकटी दोन हजार किलोमीटर गेलीस, दिल्लीला गाडी बदललीस, मला एक फोन केला नाहीस विचारायला. अभिमान वाटतो आणि झोप पण येत नाही.

तरी तुला थांबायचंच असेल तर थांब, मी आता ओरडणार नाही. पण पहाटे निघ. उजाडलं की पहिल्या गाडीनं खाली ये आणि दिवसभर काठगोदाम स्टेशनवर बसून राहा, कंटाळा आला तरी. आधी दोन दिवस पाऊस लागून असेल तर तिकीट जाऊ दे, निघूच नको.

आईला फोन कर, मला नंतर केलास तरी चालेल. आणि जीपमध्ये बसलीस की ड्रायव्हरला माझ्याशी बोलायला दे. गाडी चालू व्हायच्या आधी दे, चालवताना फोन देऊ नको त्याच्या हातात.

पप्पा