प्रदर्शनाच्या मांडणीला संशोधनाचा दर्जा हवा

महोदय,

वास्तुकलेची पदवी घेऊन डिझाइन शिकवणारा आणि त्याच जोडीने कलाप्रदर्शनांचे क्युरेशन, म्हणजे कलाकृतींची निवड आणि मांडणी, करणारा अध्यापक पदोन्नतीच्या मुलाखतीला गेला की, ‘तुमचा मूळ विषय कोणता?’ या प्रश्नाने सुरुवात होते. माझ्या परिचयातील एका अध्यापिकेची कित्येक वर्षांची प्रदर्शने एका संस्थेने ‘इतर उपक्रम’ या रकान्यात ढकलली, तेव्हा बडोदेकर म्हणून मला विशेष वाईट वाटले.

सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये सुरू केलेल्या आपल्या कलाभवन या शिक्षणसंस्थेत दादासाहेब फाळके चित्रकलेबरोबर वास्तुकलेचेही धडे घेत होते. पुढे कीर्तिमंदिर या गायकवाड घराण्याच्या स्मारकाच्या भिंतींवर चित्रकार नंदलाल बोस यांनी ‘गंगावतरण’ आणि मीरेचे जीवन रंगवले. ती चित्रे त्या वास्तूपासून वेगळी काढून पाहताच येत नाहीत. १९५० मध्ये येथे ललित कलेची विद्याशाखा उभी राहिली आणि इंदूरचे चित्रकार ना. श्री. बेंद्रे तेथे शिकवू लागले. अशा शहरात तरी वास्तुकला, अध्यापन आणि क्युरेशन या तिन्ही कामांमध्ये भिंती नसाव्यात.

क्युरेशन म्हणजे चित्रे टांगणे, हा समज मुळापासून चुकीचा आहे. कागदावरील जलरंगचित्रांवर साधारण ५० लक्सहून (लक्स हे उजेड मोजण्याचे एकक) अधिक उजेड पडू द्यायचा नसतो, तैलचित्रांना मात्र २०० लक्सपर्यंत चालतो. त्यामुळे दोन्ही प्रकारची चित्रे एकाच प्रदर्शनात असली की उजळ दालनातून मंद दालनात येणाऱ्या प्रेक्षकाचे डोळे सरावावेत म्हणून मध्ये एखादी आडोशाची वाट काढावी लागते. ही वाट कुठे काढायची, हा निर्णय वास्तुकाराचा. पहिले चित्र कोणते भेटावे, हा कलेच्या अभ्यासकाचा. आणि विद्यार्थ्यांकडून पुठ्ठ्याची प्रतिकृती करवून घेऊन, ती मोडून पुन्हा करायला लावणे, हे शिक्षकाचे काम. माझ्या मते इतके एकत्रित शिक्षण वर्गातल्या व्याख्यानातून क्वचितच मिळते.

प्रदर्शन उतरले की सारे विरून जाते आणि समितीपुढे ठेवायला निमंत्रणपत्रिकेशिवाय काही उरत नाही, ही अडचण खरी आहे. म्हणून विद्यापीठांनी प्रत्येक प्रदर्शनाचा आराखडा, प्रकाशाच्या नोंदी, भिंतीवरील मजकूर आणि कलाकृतींच्या निवडीमागील भूमिका यांची रीतसर संचिका ग्रंथालयात ठेवावी. ती बाहेरच्या दोन जाणकारांकडून तपासून घ्यावी आणि पदोन्नतीच्या वेळी तिला शोधनिबंधाच्या बरोबरीचे गुण द्यावेत, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

आपला विश्वासू,
एक निवृत्त अध्यापक, दांडिया बाजार, बडोदे