ओल किती वेळ राहते, ते मोज

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

काल रात्री तुझा फोटो आला. तुझ्या औषधी गांजाच्या झाडाचा हिरवागार, भरलेला तुरा, म्हणजे फुलांचा घट्ट घोस, आणि त्याच्या मधोमध एकच पान फिकट पिवळं पडून सुकलेलं. खाली तू लिहिलंयस, ‘एवढ्या पावसात एखादं पान जायचंच, नाही का?’ फोन बाजूला ठेवला, पण झोप लागेना. गेल्या हंगामात माझ्याकडे अगदी तेच पान होतं आणि मीही स्वतःची तशीच समजूत घातली होती. म्हणून सकाळी उठल्या उठल्या हे पत्र लिहायला बसलोय. पत्र वाचून होईपर्यंत थांबू नकोस, आधी त्या झाडापाशी जा. ते पान चिमटीत धर आणि हलकेच ओढ. निरोगी पान देठाला घट्ट असतं, ओढलं की फांदीही थोडी हलते. हे पान लोण्यातून सुरी निघावी तसं अलगद हातात येईल. आलं, तर तुरा दोन्ही अंगठ्यांनी उघड. आत देठाजवळ तपकिरी, मऊ, लगदा झालेला भाग दिसेल. त्यावर राखेसारखी करडी लव असेल आणि बोट लागताच तिच्यातून धुरासारखी भुकटी उडेल. ती भुकटी म्हणजे बुरशीचे बीजाणू, तिचं बी. म्हणून उघडण्याआधी वारा पडलाय ना, हे बघ आणि झाडाखाली पिशवी धर.

ही करडी बुरशी, बोट्रायटिस सिनेरिया. ‘बोट्रिस’ म्हणजे ग्रीकमध्ये द्राक्षांचा घड आणि ‘सिनेरिया’ म्हणजे लॅटिनमध्ये राखेच्या रंगाची. सूक्ष्मदर्शकाखाली तिचे बीजाणू खरोखर घडासारखेच लटकलेले दिसतात. ती आतून बाहेर येते, हे तिचं सगळ्यात वाईट. भुरी पानावर पिठासारखी समोर दिसते, म्हणून वेळेत हाताला लागते. करडी बुरशी मात्र तुर्‍याच्या गाभ्यात देठ पोखरते आणि बाहेर फक्त ते एक पान दाखवते. तेही तिथला रस तुटल्यामुळे सुकलेलं. तुरा जितका घट्ट आणि वजनदार, तितका आतला ओलावा कोंडलेला. ज्या तुर्‍याचं आपल्याला सर्वात जास्त कौतुक वाटतं, तोच आधी जातो. गेल्या वर्षी माझा मधला शेंडा असाच गेला. कोपरापासून मनगटापर्यंत लांब होता आणि तोडायला आठवडाभरच उरला होता. चार दिवस झड लागली, पाचव्या दिवशी ऊन पडलं. वरून सगळं धुतल्यासारखं चकचकीत दिसत होतं, म्हणून मी खूश होतो. सातव्या दिवशी उघडला तेव्हा आत निम्मा लगदा होता. तुझ्याशी मी त्यावर कधी बोललो नाही, बोलवत नव्हतं.

तू विचारलंस की किती पावसापर्यंत चालतं. यात पावसाचं माप घेऊन काही हाती लागत नाही. तुरा किती वेळ ओला राहिला, ते मोजायचं. जोराची सर येऊन गेली आणि तासाभरात वारा सुटून झाड सुकलं, तर फारसं बिघडत नाही. पण रिमझिम, धुकं, ढगाळ दुपार आणि रात्रीचं दव अशी ओल न तुटता दिवस-दीड दिवस राहिली, तर जोराचा पाऊस न पडताही बुरशी धरते. बीजाणू रुजायला पाण्याचा पातळ थर आणि काही तास पुरतात. १५ ते २५ अंशांच्या मधली हवा तिला फार मानवते, त्याहून थंडीतही ती मरत नाही, सावकाश वाढत राहते. आणि आपलं झाड फुलतं तेच मुळी दिवस लहान आणि रात्री मोठ्या होऊ लागल्यावर. ऐन फुलोर्‍यात रात्री लांबतात, गार होतात आणि दव पडायला लागतं. झाडाचं वेळापत्रक आणि बुरशीचं वेळापत्रक एकमेकांवर नेमकं बसतं.

गंमत बघ, हीच बुरशी द्राक्षबागेत काही ठिकाणी देणगी मानतात. हंगेरीतलं तोकाई आणि फ्रान्समधलं सोतेर्न इथली गोड वाइन हिनेच सुरकुतलेल्या द्राक्षांची असते. तिथे सकाळी धुकं असतं आणि दुपारी कोरडं ऊन. दुपार कोरडी गेली की बुरशी फळातलं पाणी तेवढं उडवते, साखर घट्ट होते. तीच दुपार ओली गेली की त्याच द्राक्षांचा सडका लगदा होतो. मला हे कळलं तेव्हापासून मी आकाशाकडे बघणं कमी केलं आणि दुपारी दोनला झाडाला हात लावून बघणं सुरू केलं. तूही एक वही ठेव. सकाळी किती वाजता पानं सुकली आणि संध्याकाळी किती वाजता पुन्हा ओलसर लागली, एवढंच लिहायचं. दोन आठवड्यांत तुला तुझी जागा कळेल.

आता आत्ता काय करायचं ते. बिघडलेला तुरा नुसता खरवडून साफ करायचा नाही. जिथे तपकिरी संपतं तिथून चार बोटं खाली, निरोगी देठात काप घे. कातर प्रत्येक कापानंतर स्पिरिटने पूस. कापलेलं लगेच पिशवीत घालून तोंड बांध. झाडाखाली टाकू नकोस आणि खताच्या खड्ड्यातही नको, कारण ही बुरशी मेलेल्या काडीकचर्‍यावर मजेत जगते आणि पुढच्या हंगामाची वाट बघते. खाली पडलेली जुनी पानंही वेचून काढ. मग उरलेल्या झाडाचा प्रत्येक तुरा तपास, रोज, सकाळी. कंटाळा येतो, मला माहीत आहे, पण तोच एक खरा उपाय आहे.

अळीचं कुठे दिसतंय का, तेही बघ. तुर्‍यात काळ्या बारीक लेंड्या दिसल्या तर आत अळी आहे असं धर. ती देठ कुरतडते, त्या जखमेतून बुरशी शिरते आणि अळीची विष्ठा ओल धरून ठेवते. माझ्या मते निम्म्या सडलेल्या तुर्‍यांच्या मुळाशी अळीच असते आणि आपण सगळा दोष पावसाला देतो. बॅसिलस थुरिंजिएन्सिस या अळी मारणाऱ्या जिवाणूची फवारणी अळी लहान असताना, फुलोरा घट्ट होण्याआधी करायची असते. आता ऐन फुलोर्‍यात मी काहीही फवारणार नाही, गंधक तर मुळीच नाही. ज्याचा उद्या औषध म्हणून धूर किंवा अर्क होणार, त्यावर काय बसलंय याची जबाबदारी आपली आहे. तुझ्या परवान्यात कोणत्या फवारण्यांना मुभा आहे, तेवढं एकदा पुन्हा वाचून घे.

पुढच्या चार दिवसांत पावसाचा अंदाज असेल तर वरून पारदर्शक प्लॅस्टिक ताण, पण बाजू उघड्या ठेव. गेल्या वर्षी मी चारी बाजूंनी गुंडाळलं आणि आत वाफ कोंडून घेतली, ती चूक तू करू नकोस. झाड श्वास सोडतं, जमीन वाफ सोडते. वारा आडवा वाहिला पाहिजे. सर थांबली की फांद्या खालून धरून हलक्या झटक, थेंब झडतील. भार होऊन वाकलेल्या फांद्यांना काठीचा टेकू दे, नाहीतर दोन तुरे एकमेकांना चिकटतात आणि तिथेच सुरुवात होते. आतली सावलीतली बारीक पानं थोडी विरळ कर, पण एका दिवसात झाड भुंडं करू नकोस. पाणी द्यायचंच असेल तर सकाळी, बुंध्याशी.

आणि आता सर्वात अवघड. कदाचित तुला लवकर तोडावं लागेल. भिंगातून बघितलंस तर फुलांवरच्या राळेच्या केसांच्या टोकावरचे बारीक मणी अजून थोडे काचेसारखे असतील, पूर्ण दुधी झालेले नसतील, म्हणजे तुरा अजून पुरता पिकलेला नसेल. आठवडाभर थांबलो तर चांगलं झालं असतं, हे खरं. पण आठवडाभर ओलं हवामान दिसत असेल आणि बुरशी आत शिरलेली असेल, तर तो आठवडा तुझा नाही, तिचा आहे. वरचे घट्ट तुरे आधी तोड, खालचे सैल असतात, त्यांना थोडा वेळ दे. सगळं झाड एकाच दिवशी उतरवलं पाहिजे असा नियम कुणी केलेला नाही.

तोडलेलं जाड असेल तसं टांगू नकोस. मोठे तुरे लहान फांद्यांत फोड, म्हणजे गाभा सुकतो. खोली १८ ते २० अंश, आर्द्रता ५५ ते ६० टक्के, पंख्याची हवा थेट तुर्‍यावर नको, खोलीत फिरती असू दे. पाच-सहा दिवसांनी एखादा तुरा पुन्हा मधून उघडून बघ.

संशय आलेला तुरा फेकून दे. कुणालाही देऊ नकोस, स्वतःही वापरू नकोस. बुरशीच्या जातभाईंत अ‍ॅस्परजिलससारखे असतात, ज्यांची प्रतिकारशक्ती कमी आहे त्यांच्या फुफ्फुसांत ते गंभीर आजार करू शकतात आणि धूर केल्याने त्यांचा धोका संपत नाही. तू ज्या आजारी माणसांसाठी हे पिकवतोस, त्यांच्यासाठी एक अख्खा तुरा जाणं परवडतं.

पुढच्या हंगामासाठी एकच सुचवतो, बाकी भेटल्यावर. जागा निवडताना सकाळचं पहिलं ऊन कुठे पडतं ते बघ. दव लवकर उडालं की दिवसातले दोन-तीन तास तुझे होतात. शिवाय लवकर फुलणारा, सैल तुर्‍याचा वाण घे. फुलोर्‍यात नत्र हात राखून दे, जास्त नत्राने पेशी मऊ होतात आणि मऊ पेशीत तिला शिरायला सोपं जातं.

पान ओढून बघितल्यावर काय दिसलं, ते आजच कळव. वाईट असलं तरी लपवू नकोस. परवा मी येतोय, स्पिरिट आणि दोन कातर घेऊन. उरलेले तुरे आपण दोघं मिळून तपासू.

तुझाच,
जुना मित्र