मंगल, ग्रुपला जा

पुणे

प्रिय मंगल,

"मन खंबीर ठेवलं असतं तर कॅन्सर हाडांपर्यंत पोचला नसता," असं काल तू फोनवर म्हणालीस आणि माझी झोपच उडाली. हे तुझ्या डोक्यात कुणी भरवलं ते विचारत नाही. पण ते खरं नाही. म्हणून लिहूनच पाठवते, पुन्हा मनात आलं की हे वाच.

रुग्णांच्या ग्रुपला गेल्याने आयुष्य वाढतं, असा नणंदेने तुला सांगितलेला अभ्यास खोटा नाही. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाचे मानसोपचारतज्ज्ञ डेव्हिड स्पीगल यांनी तो १९८९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापला. स्तनाचा कॅन्सर शरीरात पसरलेल्या ८६ बायका होत्या. त्यांतल्या ५० जणी उपचारांच्या जोडीला वर्षभर दर आठवड्याला दीड तास ग्रुपमध्ये एकत्र बसून मनातलं बोलायच्या. त्या सरासरी ३६.६ महिने जगल्या, बाकीच्या १८.९. असा फरक पडेल असं खुद्द स्पीगलनाही वाटलं नव्हतं. ही बातमी जगभर झाली, पुढचं मात्र फारसं कुणी सांगत नाही. कॅनडात पॅमेला गुडविन यांनी २३५ जणींना घेऊन तसाच अभ्यास केला. २००१ मधले आकडे ग्रुपमधल्यांचे १७.९ आणि बाकीच्यांचे १७.६ महिने, म्हणजे फरक नाहीच. स्पीगलनी स्वतः १२५ जणींबरोबर पुन्हा करून पाहिलं आणि ग्रुपने एकंदर आयुष्य वाढलं नाही असं २००७ मध्ये छापलं. आपल्याच गाजलेल्या निष्कर्षाविरुद्ध असं लिहायला हिंमत लागते. मला त्या माणसाबद्दल आदर वाटतो.

आता हे नीट वाच. कॅनडातल्या बायकांची मनं हलकी झाली, दुखणंही कमी जाणवलं. सुरुवातीला ज्या जास्त खचलेल्या होत्या त्यांना जास्त फायदा झाला. तरी आयुष्य तेवढंच राहिलं. मग तू रडलीस म्हणून कॅन्सर पसरला, असं कुणी कुठल्या तोंडाने म्हणावं?

तरीही तू ग्रुपला जावंस असं मला मनापासून वाटतं. त्या ग्रुपांमध्ये 'पॉझिटिव्ह राहा'चा धोशा नव्हता. मरणाची भीती, नवऱ्याशी न बोललेलं, डॉक्टरांना न विचारलेलं, सगळं तिथे निघायचं. एखादी गेली की बाकीच्या तिच्यासाठी एकत्र रडायच्या. घरी तू सगळ्यांना धीर देत बसतेस. तिथे तुला कुणाला सांभाळायचं नाही.

गुरुवारी मी घ्यायला येते. तू आत जा, मी बाहेर थांबते. काय बोललीस ते मला सांगितलंच पाहिजे असं नाही. आणि दुखण्याच्या गोळीबद्दल डॉक्टरांना आजच विचार, गुरुवारपर्यंत थांबू नकोस.

तुझी,
शैला